‘तुम्ही तिच्या कोण लागता?’ : महिला व बालविकास विभागास खुले पत्र

प्रति,
मा. मंत्री, महिला व बालविकास विभाग, महाराष्ट्र शासन, मुंबई,
मा. आयुक्त, महिला व बालविकास, पुणे,
आणि तालुक्यातालुक्यांत काम करणारे सर्व संरक्षण अधिकारी यांस

विषय : कौटुंबिक हिंसाचाराची माहिती घेऊन येणाऱ्या मैत्रिणी, शेजारी व सहकारी यांना दारातूनच परत पाठवले जाते, त्याबाबत.

महोदय, महोदया,

आमच्या तालुक्याच्या गावी संरक्षण अधिकारी, म्हणजे कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्याखाली पीडित स्त्रियांच्या मदतीसाठी नेमलेले शासनाचे अधिकारी, ज्या खोलीत बसतात, त्या खोलीच्या दारावर गेल्या वर्षीच्या पावसाळ्यापासून एक कागद चिकटवलेला आहे. त्यावर ठळक अक्षरांत असे लिहिले आहे : ‘पीडित महिला व तिचे रक्ताचे नातेवाईक यांनीच आत यावे. इतरांनी गर्दी करू नये.’ मी त्या इतरांपैकी एक आहे. कनिष्ठ महाविद्यालयात मराठी शिकवते, आणि ज्या स्त्रीसाठी मी त्या दारापर्यंत गेले ती आठवीपासून माझ्या शेजारी बाकावर बसलेली माझी मैत्रीण आहे. तिचे नाव या पत्रात येणार नाही, गावाचेही नाही, आणि ओळख पटेल असे काही तपशील मी जाणूनबुजून बदलले आहेत. पत्र मी तिला वाचून दाखवले. तिने त्यातली दोन वाक्ये काढायला लावली आणि एक घालायला लावले.

हे पत्र खासगी अर्जाच्या रूपाने न पाठवता खुले लिहिण्याचे कारण सरळ आहे. अर्ज मी दोन वेळा दिले. एकाची पोच मिळाली, उत्तर मिळाले नाही. दुसऱ्याची पोचही मिळाली नाही. शिवाय माझ्यासारखे ‘इतर’ गावोगाव आहेत, आणि आपल्याला कायद्यात जागा आहे हे त्यांच्यापैकी बहुतेकांना ठाऊक नाही. त्यांनीही हे वाचावे अशी माझी इच्छा आहे.

आधी मला काय दिसले ते सांगते, कारण कार्यालयात आत घेतल्यावर मला पहिल्यांदा विचारले गेले ते हेच : ‘तुम्ही मारताना पाहिलंत का?’ नाही, मी पाहिले नाही. मी पाहिले ते एवढेच की आमच्या भिशीला ती येईनाशी झाली. काही महिने मुलाच्या हाती पैसे पाठवत असे, मग तेही थांबले. फोन केला की तिचा आवाज दुरून यायचा, आणि त्याच क्षणी मागचा टीव्ही कोणीतरी बारीक केल्याचे कळायचे. पतसंस्थेत वीस वर्षे इतरांच्या कर्जाची प्रकरणे तपासणारी ही बाई, संक्रांतीच्या हळदीकुंकवाला येशील का म्हणून विचारले तर ‘घरी विचारून सांगते’ म्हणू लागली. पगाराचे एटीएम कार्ड नवऱ्याच्या पाकिटात होते आणि तिला रोज सकाळी रिक्षाचे जाण्या-येण्याचे सुटे पैसे मोजून मिळत. ऐन मे महिन्यात ती मनगटापर्यंत बाह्या असलेला ब्लाउज घालून बँकेच्या रांगेत उभी असलेली मला दिसली, आणि मी काही विचारण्याआधीच ‘उन्हाने अंगावर पुरळ येतंय’ असे सांगून मोकळी झाली. यातली एकही गोष्ट पुरावा नाही, हे मलाही कळते. पण तीस वर्षांची मैत्री म्हणजे माणसाचा नेहमीचा आवाज कोणता हे माहीत असणे. तो बदलला की कान टवकारतात.

त्यानंतर मी ज्या चुका केल्या त्या लपवत नाही, कारण माझ्या जागी उद्या दुसरी कोणी असेल. मी तिला म्हणाले, ‘मी असते तर एक दिवस राहिले नसते.’ या वाक्याने ती माझ्यापासून तीन महिने दूर गेली. मी तिच्या नवऱ्याला रस्त्यात गाठून दोन शब्द सुनावले; त्याची किंमत मी नाही, तिने मोजली. मी तिच्या आईकडे गेले, तर काकू म्हणाल्या, ‘तिच्या धाकट्या बहिणीचं लग्न व्हायचंय गं अजून, आत्ता नको बोलूस.’ मला त्यांचा राग आला होता, आता येत नाही. ज्या घरात दुसऱ्या मुलीच्या स्थळाची बोलणी पहिलीच्या संसारावरून ठरतात, त्या घरातली आई याहून वेगळे काय बोलणार?

शहाणपण उशिरा आले, आणि ते मला या क्षेत्रात वर्षानुवर्षे काम करणाऱ्या एका कार्यकर्तीने दिले. ती म्हणाली, ‘मारतो का’ असे विचारू नका, ‘घरी भीती वाटते का’ असे विचारा. आणि उत्तर आले नाही तरी पुढच्या आठवड्यात पुन्हा भेटा. ‘सोड त्याला’ म्हणू नका, कारण घर सोडण्याचा काळच सर्वांत धोक्याचा असतो आणि तो कधी यावा हे तिच्याइतके कोणालाच कळत नाही. तिच्या जखमांचे फोटो आपल्या फोनमध्ये ठेवण्याआधी तिला विचारा. तिच्या वतीने निर्णय घेणारा एक माणूस तिच्या घरात आधीच आहे, तुम्ही दुसरे होऊ नका. हे शेवटचे वाक्य मला फार लागले, कारण मी तेच करत होते.

मग आम्ही दोघींनी हळूहळू तयारी केली. तिच्या आणि मुलाच्या आधार कार्डाच्या प्रती, मुलाचा जन्मदाखला, पतसंस्थेच्या पगारपत्रकाच्या प्रती, लग्नात मिळालेल्या दागिन्यांची तिने आठवून लिहिलेली यादी, घराची एक जादा किल्ली, असे सगळे माझ्या कपाटात बिस्किटांच्या एका पत्र्याच्या डब्यात जमा होत गेले. आमचा एक सांकेतिक निरोप होता. ‘चकलीचा सोऱ्या पाठवून दे’ असा निरोप दिवाळी सोडून कधीही आला तर मी ताबडतोब निघायचे. आता त्याची गरज उरलेली नाही, म्हणून तो इथे लिहिण्यास तिची हरकत नाही. आपल्या नियमांत ‘सुरक्षा योजना’ नावाचा एक नमुना आहे, तो संरक्षण अधिकाऱ्याने स्त्रीबरोबर बसून भरायचा असतो, हे मला पुष्कळ नंतर समजले. आम्ही जे डब्यात भरत होतो ते तेच होते. फक्त ते शासनाऐवजी एक मराठीची शिक्षिका करत होती.

गेल्या वर्षी श्रावणात एका रात्री सोऱ्याचा निरोप आला नाही, तिच्या मुलाचा फोन आला. ‘मावशी, आई उठत नाहीये.’ मी ११२ ला फोन लावला आणि रिक्षा करून निघाले. मी पोचले तेव्हा पोलीस दारात होते, नवरा पुढे उभा राहून बायकोला ताप असल्याचे सांगत होता, आणि आतल्या खोलीच्या चौकटीला धरून ती उभी होती. हवालदारांनी त्याच्या खांद्यावरून तिला विचारले, ‘काही तक्रार आहे का, ताई?’ ती ‘नाही’ म्हणाली. गाडी निघून गेली. तिने या पत्रात घालायला लावलेले वाक्य इथले आहे : ‘मी नाही म्हणाले याचा अर्थ मला सांगायचं नव्हतं असा नाही, मला विचारणाऱ्या प्रत्येकाच्या आणि माझ्या मध्ये तो उभा असायचा.’

दुसऱ्या दिवशी पोलीस ठाण्यात मला सांगण्यात आले की नवरा-बायकोची भांडणे आहेत, उद्या ती गोड होतील आणि तुम्ही वाईट ठराल. फार तर तिला घेऊन या, एनसी (अदखलपात्र गुन्ह्याची नोंद) घेतो. पोलीस आपल्या विभागाखाली येत नाहीत हे मला माहीत आहे. पण कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्याच्या कलम ११ ने पोलिसांना या विषयाचे प्रशिक्षण देण्याची आणि निरनिराळ्या खात्यांत समन्वय राखण्याची जबाबदारी शासनावर टाकली आहे, आणि शासनात हा विषय आपला आहे. तिथून मी आपल्या विभागाच्या, म्हणजे संरक्षण अधिकाऱ्यांच्या कार्यालयात गेले. यापुढच्या तक्रारी केवळ आपल्याशी संबंधित आहेत.

पहिली तक्रार त्या कागदाची. शिपायाने मला दारातच थांबवले आणि विचारले, ‘तुम्ही तिच्या कोण लागता?’ मैत्रीण म्हटल्यावर तो हसला नाही, उर्मटपणे वागलाही नाही. त्याने फक्त कागदाकडे बोट दाखवले. आतून निरोप आला की बाईंना स्वतः येऊ द्या किंवा आई-वडिलांना पाठवा, तिऱ्हाइताची माहिती आम्ही नोंदवून घेत नाही. महोदया, कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण अधिनियम, २००५ हा कायदा २६ ऑक्टोबर २००६ पासून देशात लागू आहे. त्याच्या कलम ४ मध्ये असे म्हटले आहे की अशी हिंसा झाली आहे, होत आहे किंवा होण्याची शक्यता आहे असे मानण्यास ज्या कोणाला कारण आहे, त्या कोणत्याही व्यक्तीला संरक्षण अधिकाऱ्याकडे माहिती देता येते. ‘कोणतीही व्यक्ती’ हे शब्द आहेत. रक्ताचे नाते हा शब्द तिथे नाही. सद्भावनेने दिलेल्या माहितीबद्दल त्या व्यक्तीवर दिवाणी किंवा फौजदारी जबाबदारी येत नाही, हेही त्याच कलमात आहे. २००६ च्या नियमांतला चौथा नियम तर याहून पुढे जातो : माहिती तोंडी दिली असेल तर अधिकाऱ्याने ती लिहून घ्यावी, देणाऱ्याची सही घ्यावी आणि नोंदीची एक प्रत त्याला तिथल्या तिथे विनामूल्य द्यावी. म्हणजे ज्या दारावर मला अडवले त्या दारातून आत बोलावून, माझे ऐकून, मला कागद हातात देऊन पाठवणे हे त्या कार्यालयाचे काम होते. दारावरचा कागद कायद्याच्या विरुद्ध आहे, एवढेच मला म्हणायचे आहे. तो कोणाच्या आदेशाने लागला हे मी लेखी विचारले होते. उत्तर न मिळालेला अर्ज तोच.

आणि ‘होण्याची शक्यता आहे’ हे शब्द कृपया पुन्हा वाचावेत. कायदा करणाऱ्यांना हे पक्के ठाऊक होते की खात्री पटेपर्यंत थांबलेल्या मैत्रिणी आणि शेजारणी पुढे पंचनाम्याला साक्षीदार म्हणून उपयोगी पडतात, त्या बाईच्या उपयोगी पडत नाहीत. कलम ३ मध्ये शारीरिक आणि लैंगिक छळाबरोबर शाब्दिक, भावनिक आणि आर्थिक छळही हिंसाच मानला आहे. काढून घेतलेले एटीएम कार्ड आणि मोजून दिलेले रिक्षाचे पैसे त्या कलमात बसतात. मी काहीच पाहिले नाही असे मला सांगण्यात आले, तेव्हा मी हेच पाहिलेले होते.

दुसरी तक्रार लिहिताना आजही माझा हात थांबतो. तिसऱ्या खेपेला मला आत घेण्यात आले. माहिती लिहून घेतली नाही, पण ‘बघतो’ असे सांगण्यात आले. त्याच दुपारी त्या कार्यालयातून तिच्या नवऱ्याला फोन गेला. तुमच्याविरुद्ध तुमच्या पत्नीच्या मैत्रिणीने अशी-अशी तक्रार केली आहे, उद्या दोघे येऊन जा, असे त्याला सांगण्यात आले. माझ्या नावासकट. फोन करणाऱ्याचा हेतू वाईट होता असे मला वाटत नाही. त्याला वाटले असेल की दोघांना समोरासमोर बसवून प्रश्न मिटेल. त्या संध्याकाळी तिचा फोन काढून घेण्यात आला, पतसंस्थेत तिला सोडायला आणि आणायला दीर जाऊ लागला, आणि पुढचे अकरा आठवडे मला ती भेटली नाही. माहिती देणाऱ्याची ओळख पतीला कळवावी असे नियमांत कोठेही लिहिलेले नाही. उलट नववा नियम सांगतो की तातडीच्या प्रसंगी स्त्रीकडून किंवा इतर कोणाकडून फोनवरून जरी विश्वासार्ह माहिती मिळाली, तरी अधिकाऱ्याने पोलिसांची मदत घेऊन घटनास्थळी जावे आणि अहवाल विनाविलंब न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे ठेवावा. कायद्यात स्त्रीपर्यंत जाण्याचा रस्ता आहे. तो रस्ता नवऱ्याच्या मोबाईलवरून जात नाही.

इथे एक गोष्ट मी स्वतःविरुद्धही सांगते. तिला न विचारता मी कार्यालयात जाणे योग्य होते का, हा प्रश्न मला अजून सतावतो. मुलाचा फोन आलेल्या रात्रीनंतर मला दुसरा मार्ग दिसला नाही, आणि जिवाला धोका दिसत असताना परवानगीची वाट पाहता येत नाही असे मला आजही वाटते. पण एरवी तिच्या इच्छेविरुद्ध शासनाचे चक्र फिरवावे असे माझे म्हणणे नाही. त्रयस्थाची माहिती म्हणजे निकाल नव्हे. ती मिळाल्यावर एखाद्या प्रशिक्षित बाईने त्या स्त्रीला एकटीला, सुरक्षित जागी, कामाच्या ठिकाणी किंवा दवाखान्यात किंवा मुलाच्या शाळेत भेटावे, तिचे हक्क तिला सांगावेत आणि पुढे काय करायचे ते तिला ठरवू द्यावे, एवढीच माझी अपेक्षा आहे.

तिसरी तक्रार समुपदेशनाची. त्या दोघांना कार्यालयात एकाच बाकावर बसवून विचारपूस झाली. त्याने सांगितले की ती उलट उत्तरे देते, सासूला वेळेवर औषध देत नाही, फोनवर सतत बोलत बसते. हे सर्व लिहून घेण्यात आले, आणि ‘दोघांनीही थोडे समजून घ्यावे’ असा शेरा मारून प्रकरण निकालात निघाले. पतीने केलेल्या हिंसेचे कोणतेही समर्थन समुपदेशनाचा भाग होऊ नये, असे नियम १४ स्पष्टपणे सांगतो. शिवाय समुपदेशनाचा आदेश देण्याचा अधिकार कायद्याने न्यायदंडाधिकाऱ्यांना दिला आहे. न्यायालयात अर्ज दाखल होण्यापूर्वीच, स्त्रीने मागितलेला नसताना, समेटाची तारीख देणे ही कार्यालयांनी स्वतःच पाडलेली रीत आहे. शाळेत दोन मुलांची मारामारी झाली तर आम्हीसुद्धा आधी दोघांना वेगवेगळे बोलावून विचारतो.

जानेवारीत ती मुलाला घेऊन बाहेर पडली. कशी, ते इथे लिहीत नाही. डबा कामी आला. विधी सेवा प्राधिकरणाकडून तिला मोफत वकील मिळाली आणि याच कायद्याच्या कलम १२ खाली न्यायालयात अर्ज दाखल झाला. पहिली सुनावणी साधारणपणे अर्ज मिळाल्यापासून तीन दिवसांच्या आत ठेवावी आणि पहिल्या तारखेपासून साठ दिवसांत निकाल देण्याचा प्रयत्न करावा, असे कायदा म्हणतो. न्यायालयांवरचा भार मला दिसतो आणि त्याबद्दल मी इथे बोलत नाही. परंतु पतीला नोटीस पोचवण्याचे काम कलम १३ ने संरक्षण अधिकाऱ्यांकडे सोपवले आहे, आणि त्यासाठी कमाल मुदत दोन दिवसांची दिली आहे. त्याहून अधिक वेळ हवा तर तो न्यायदंडाधिकाऱ्यांनी द्यायचा. आमच्या प्रकरणात ‘घर बंद आढळले’ या शेऱ्यासह नोटीस तीन वेळा परत आली. त्या घरात एक अंथरुणाला खिळलेली वृद्धा आहे. ते घर कधीच बंद नसते.

या सर्व प्रकारांत मला ज्या संरक्षण अधिकारी भेटल्या, त्यांच्याविषयी माझ्या मनात राग नाही हेही लिहिले पाहिजे. त्यांच्या टेबलावर या कायद्याबरोबर इतर तीन योजनांच्या फायली होत्या, खोलीला पडदा नव्हता, सरकारी वाहन नव्हते, आणि नोटीस पोचवायला त्या स्वतःच्या दुचाकीवरून जात होत्या. एकदा त्या मला म्हणाल्या, ‘मॅडम, मला रोज वाटतं की आज कुणी येऊ नये.’ मला त्या वाक्याची भीती वाटली, आणि त्यांची कणवही आली. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सर्व राज्यांना आदेश दिला की जिल्हा आणि तालुका पातळीवर संरक्षण अधिकारी नेमण्याचे राहिलेले काम सहा आठवड्यांत पूर्ण करावे आणि या कायद्याला व्यापक प्रसिद्धी द्यावी. नेमणुकीच्या कागदावर नाव असणे आणि त्या कामासाठी वेळ असणे यांत फरक आहे. आमच्या तालुक्यात नाव आहे.

माझ्यासारख्यांसाठी दार उघडावे हा आग्रह मी का धरते, ते आकड्यांत सांगते, कारण शासनाला आकडे कळतात. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रात १८ ते ४९ वयाच्या, विवाह झालेल्या दर चार स्त्रियांपैकी सुमारे एकीने पतीकडून हिंसा सोसली आहे. त्याच सर्वेक्षणात देशभरातला दुसरा एक आकडा आहे : शारीरिक किंवा लैंगिक हिंसा सोसलेल्या स्त्रियांपैकी ७७ टक्के स्त्रियांनी ना कोणाची मदत मागितली, ना कोणाला सांगितले. मदत मागणाऱ्या केवळ १४ टक्के. म्हणजे आपल्या कार्यालयात ‘स्वतः येऊ द्या’ अशी अट घातली की बहुसंख्य स्त्रिया त्या दारापर्यंत येणारच नाहीत, हे शासनाच्याच सर्वेक्षणाने शासनाला सांगून ठेवले आहे. त्यांच्यात आणि आपल्यात जे कोणी असेल ते आम्ही असू : भिशीतली बाई, शेजारच्या ब्लॉकमधल्या काकू, पतसंस्थेतली सहकारी, मुलाच्या वर्गशिक्षिका. आणि माहेर गप्प बसलेले असेल तेव्हा तर फक्त आम्हीच.

या मोकळीकीचा गैरवापर होईल, कोणीही उठून कोणाच्याही घरावर बोट दाखवेल, असे एका अधिकाऱ्यांनी मला ऐकवले. संरक्षण फक्त सद्भावनेने दिलेल्या माहितीला आहे, आणि माहिती देणाऱ्याची सही घेण्याची, ओळख नोंदवण्याची तरतूद नियमांत त्यासाठीच आहे. नोंदच घेतली नाही तर खरे कोणते आणि खोटे कोणते हे तपासणार कसे?

हे सगळे महाराष्ट्राला नवे आहे असेही नाही. टाटा समाजविज्ञान संस्थेने १९८४ मध्ये मुंबईत पोलीस यंत्रणेच्या आतच महिला व मुलांसाठीचा विशेष कक्ष सुरू केला, तो पुढे राज्य शासनाने आपलासा केला. वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात या शतकाच्या सुरुवातीला मुंबई महापालिका आणि सेहत या संस्थेने ‘दिलासा’ केंद्र उभे केले, जिथे जखमेवर मलमपट्टी करायला आलेल्या बाईला ती कशाने झाली हे नवऱ्याला बाहेर ठेवून विचारले जाऊ लागले. देशाने आपल्याकडून शिकावे अशी ही कामे आहेत. मग तालुक्याच्या गावातल्या बाईच्या वाट्याला तो कागद का यावा?

माझ्या मागण्या अशा आहेत.

एक. नातेवाईक नसलेल्या व्यक्तीला माहिती देण्यापासून रोखणारे सर्व फलक, कागद आणि तोंडी सूचना राज्यभर रद्द झाल्याचे परिपत्रक काढावे, आणि त्या जागी कलम ४ मराठीत, मोठ्या अक्षरांत लावावे.

दोन. त्रयस्थ व्यक्तीने दिलेल्या माहितीची स्वतंत्र नोंदवही ठेवावी आणि नियम ४ प्रमाणे प्रत दिल्याशिवाय कोणालाही परत पाठवू नये.

तीन. माहिती मिळाल्यावर पहिला संपर्क स्त्रीशी, तोही ती एकटी असताना व्हावा. तिच्या संमतीशिवाय पतीला किंवा सासरी फोन करण्यास, आणि माहिती देणाऱ्याचे नाव सांगण्यास लेखी मनाई असावी. ती मोडणाऱ्यावर खात्यांतर्गत कारवाई व्हावी. माझ्या सर्व मागण्यांतून एकच मान्य होणार असेल तर ती ही व्हावी.

चार. न्यायालयाच्या आदेशाशिवाय आणि स्त्रीने स्वतः मागितल्याशिवाय दोघांना एकत्र बसवून समेट घडवण्याची पद्धत थांबवावी. स्त्रीला हवी असल्यास तिच्या मैत्रिणीला तिच्याजवळ बसू द्यावे. एक खुर्ची जास्त लागेल.

पाच. ज्या तालुक्यांत संरक्षण अधिकाऱ्यांकडे इतर योजनांचा भार आहे, त्या तालुक्यांची यादी जाहीर करावी, आणि तो भार केव्हा काढणार ते सांगावे. नोटीस पोचवण्यासाठी वाहन आणि माणूस द्यावा.

सहा. ग्रामपंचायत, शाळा, पतसंस्था, रेशन दुकान आणि एसटी स्थानक येथे १८१ (महिला मदतवाहिनी) आणि ११२ (तातडीची पोलीस मदत) या क्रमांकांसोबत ‘तुमच्या ओळखीच्या कोणावर असे होत असेल तर तुम्हीही सांगू शकता’ हे वाक्य लावावे. सध्याचे फलक फक्त पीडितेशी बोलतात. तिच्या शेजारी उभ्या असलेल्या बाईशी कोणी बोलत नाही.

माझी मैत्रीण सध्या भाड्याच्या एका खोलीत मुलासह राहते. एटीएम कार्ड तिच्याकडे आहे. खटला चालू आहे, पुढची तारीख पुढच्या महिन्यात आहे, आणि मी रजा टाकली आहे. गेल्या मंगळवारी तिच्या अर्जाच्या कामासाठी आम्ही दोघी पुन्हा त्या कार्यालयात गेलो होतो. मी बाहेर थांबले. दारावरचा कागद पावसाने पिवळा पडला आहे, त्याचा एक कोपरा सुटला होता. तो कोणीतरी नव्या चिकटपट्टीने पुन्हा नीट बसवला आहे.

कळावे,
आपली विश्वासू,
एक शिक्षिका